निवडणी

घर पाडायला एक दिवस पुरतो.
आम्ही सतरा मागून घेतले.
ठेकेदार म्हणाला, बाई, यंत्राचं भाडं तासावर आहे.
मी त्याला यादी दाखवली.

ग्रोनिंगनच्या उत्तरेला जमीन सपाट, आभाळ अंगावर येणारं.
खालून वर्षानुवर्षं गॅस उपसला
आणि मग भुई हलू लागली,
झोपेत कूस बदलावी, इतकीच.
राइंट बौकेमांच्या स्वयंपाकघरात तेवढ्यानं
बोट जाईल अशी फट पडली.

आधी पाहणी. वही, टॉर्च, टोकदार हातोडी.
भिंतीला कान लावून टकटक करायची.
भरीव. पोकळ. पोकळ. भरीव.
जिप्समचे बोर्ड वेगळे काढायचे;
पोतंभर जरी काँक्रीटमध्ये मिसळलं
तरी अख्खी गाडी फाटकातून परत येते.
माझी आली आहे, दोनदा, शेऱ्यासकट.
काच वेगळी. शिसं वेगळं.
तांब्याची तार चोराच्या आधी आपण काढायची.
ओकच्या तुळया खिळे उपटून, लांबी मोजून,
सावलीत.

विटा तेस्फालेमकडे.
पाटावर धान्य निवडायला बसावं तसा तो बसतो,
डावीकडे रास, उजवीकडे रास, मध्ये छिन्नी.
विटा एकोणीसशे आठच्या, इथल्याच चिकणमातीच्या,
तांबड्या, कडेला जांभळट.
चुन्याचा सांधा समजूतदार.
हलका एक टोला, की वीट मोकळी.
आराखड्यात मी अकरा हजार चारशे धरल्या होत्या,
निघाल्या नऊ हजारांवर थोड्या.
एकीवर कुत्र्याचा पंजा होता, ओल्या मातीत उमटलेला.
तेस्फालेमनं ती बाजूला ठेवली,
मग काय वाटलं त्याला,
परत राशीत टाकली.

राइंट रोज सकाळी सायकलवरून येतात,
फितीबाहेर उभे राहतात.
"या कुठं जाणार?"
"शेजारच्या गावात. शाळेच्या भिंतीला."
ते मान हलवतात,
हिशेब पटलेल्या माणसासारखी.
घर त्यांच्या आजोबांनी बांधलेलं.

मागची खोली मात्र त्यांची स्वतःची.
चौऱ्याहत्तर साली, दर रविवारी,
मेहुण्याला हाताशी धरून.
सिमेंट घालताना हात आखडला नाही त्यांनी.
ते सिमेंट आता विटेला सोडत नाही,
ओढलं की वीटच दुभंगते.
म्हणून ती खोली सबंध चुऱ्यात: रस्त्याखालची भर.
आणि वरचे पन्हाळी पत्रे, करडे, शेवाळलेले,
मोजून चोवीस,
ॲस्बेस्टॉसचे:
ओले करायचे, तोडायचे नाहीत,
दुहेरी प्लास्टिकात गुंडाळून, पट्टी मारून,
वजन लिहून
कायमचे मातीआड.

त्यांनी यादी वाचली.
चष्मा पुसला, पुन्हा वाचली.
"म्हणजे आजोबांचं ठेवलंत,
आणि माझं नेताय."
यादीत अशा बोलण्याला रकाना नव्हता.
मी पाण्याच्या नळीकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी पांढरे सूट, तोंडाला मुखवटे.
एप्पो शिडीवर.
करवत नाही, ड्रिल नाही,
एकेक स्क्रू हातानं फिरवायचा.
आठ पत्रे उतरले. नववा अडला.
जोर केला तर तडकणार,
आणि तडकला की सगळे बाहेर,
हवेची तपासणी, दिवस बुडाला.
एप्पोनं वरून माझ्याकडे पाहिलं.
मी काय सांगणार?

फितीबाहेरून आवाज आला:
"तो स्क्रू तिरका गेलाय. पाऊस येत होता त्या दिवशी,
मी घाईत होतो.
आधी जरा आवळ. मग सोड."

एप्पोनं आवळला.
मग सोडला.
पत्रा अख्खा हातात आला, पाणी गाळत.

राइंट दुपारी जेवायला गेले नाहीत.
चोविसावा उतरेपर्यंत सांगत राहिले,
याला वॉशर दोन आहेत,
याचं डोकं गंजलंय, तेल घाल,
आणि तो कोपऱ्यातला मेहुण्यानं लावलेला,
तो वाकडा आहे,
तो जपून.